बॉनेट लावून

"बॉनेट लावा," वहिनी म्हणाल्या.

ताकद मोजायच्या रोलरवर चढवलेल्या पांढऱ्या गाडीचा आवाज शेडमध्ये मावत नव्हता. त्यांना दोनदा सांगावं लागलं. धाकट्या दिराने इंजिन बंद करवलं आणि तो हसत हसत जवळ आला. गिऱ्हाइकासमोर तो नेहमी हसायचा.

"झालं की, वहिनी. एकशे बारा हॉर्सपॉवर. सकाळी शंभर होते. पडद्यावर दिसतंय ना?"

"दिसतंय. सकाळी बॉनेट लावलेलं होतं. आता उघडं का?"

दिराचं हसू जागच्या जागी थिजलं. हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. धुराचा नवा पाइप आणि नवा एअर फिल्टर बसवण्याआधी गाडी रस्त्यावरून तापून यायची आणि तशीच, बॉनेट लावून, पंखा बंद ठेवून रोलरवर चढायची. बसवल्यानंतर चढायची ती निवून, बॉनेटचा आ वासून, समोर माणसाएवढा पंखा सोडून. मधला फरक गिऱ्हाईक आनंदाने घरी न्यायचं.

थोरला भाऊ, वहिनींचा नवरा, होता तोवर असलं काही खपत नव्हतं. तो आकडा सांगायचा तेव्हा गिऱ्हाइकं भांडायची, रुसायची, दुसरीकडे जाऊन तपासायची, आणि तोच आकडा घेऊन मान खाली घालून परत यायची. तो गेला आणि वाटणी झाली. रोलरची मागची शेड वहिनींकडे आली, रस्त्याकडची दिराकडे. त्याच्या शेडमधून आल्याशिवाय वहिनींकडे एक गाडी चढू शकत नव्हती. म्हणून वहिनी मूग गिळून बसल्या होत्या. पण आज सकाळी दिराने दर्शनी भागावर नवी पाटी ठोकली होती: 'दादांच्या मशीनवर तपासलेली ताकद'.

"काय झालं?" गिऱ्हाइकाने विचारलं. हा व्यायामशाळा चालवणारा गडी. दंड असे की हात अंगाला टेकत नव्हते.

"काही नाही, साहेब. बायकांच्या शंका," दीर म्हणाला आणि वहिनींकडे वळून दातांतून बोलला, "पाटीवर माझ्या भावाचं नाव आहे. तुमच्या माहेरचं नाही."

"भाऊ तुमचा, नवरा माझा. तुम्ही त्यांना खिळ्याला टांगलंत, भावजी. त्याखालून मला रोज जायचंय."

"मग दोन शेडमधलं हे दार कोणाचं आहे, तेही ध्यानात असू द्या."

वहिनींनी ते ध्यानात ठेवलं. मग पुढे होऊन दोन्ही हातांनी बॉनेट खाली आपटलं.

"आता चालवा," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या. "जरा तापू द्या, मग पाय दाबा. पंखा राहू दे, रस्त्यावर वारा असतोच. सकाळी तोही नव्हता, तेवढी सूट देते."

गाडी गरजली. फळीवरचे पाने खणखणले, पत्रे थरथरले. पडद्यावरची रेघ चढत गेली, कुठेतरी अडखळली आणि खाली वळली.

सत्त्याण्णव.

गिऱ्हाईक गाडीतून उतरलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, आणि रागावलं ते वहिनींवर.

"मशीन बिघडलंय तुमचं."

"मघाशी एकशे बारा दाखवलं तेव्हा चांगलं होतं?"

"एवढा जाड पाइप टाकलाय, ताकद कमी कशी होईल?"

"फुंकणी रुंद केली म्हणून फुंकर जोरात येत नाही. आणि तो फिल्टर बघा. जुना पुढून गार हवा घ्यायचा. हा इंजिनाच्या उशाला बसून त्याचीच वाफ ओढतो. चुलीवर तोंड धरून कोणाला मोकळा श्वास घेता आलाय? नीट बसवला, मागून सगळं जुळवलं, तर दोन-चार घोडे मिळतीलही. बारा नाही."

"ते मला सांगू नका. उघडा ते बॉनेट आणि परत घ्या आकडा. मला मघाचाच हवा."

"मग चालवतानाही उघडंच ठेवा," वहिनी म्हणाल्या. "समोरचा रस्ता दिसणार नाही, पण घोडे वाढतील."

दीर मध्ये पडला. त्याने गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकला. "सोडा हो, साहेब. म्हातारं माणूस आहे, दादा गेल्यापासून असंच चाललंय. तुम्ही मघाचा फोटो काढलाय ना?"

काढला होता. गिऱ्हाइकाने मोबाइल उघडून बघितला. एकशे बारा. त्याचा चेहरा हळूहळू निवळला. फोटो कोणाला तरी पाठवून तो गाडीत बसला, आणि दिराच्या शेडमधून बाहेर पडताना त्याने उगाचच दोन वेळा पाय दाबला. समोरच्या इमारतीत खिडक्या उघडल्या. त्याने काचेतून अंगठा वर केला.

"बघितलंत?" दीर म्हणाला. "हसत गेला की नाही?"

"हसतच गेला."

"आणि तुम्ही काय मिळवलंत?"

वहिनींनी पडदा पुसला.

"उद्यापासून हे दार बंद," दीर म्हणाला. तो दोन शेडच्या मधोमध, उंबऱ्यावर, चौकटीला हात टेकून उभा होता. "गाड्या पत्र्यावरून उतरवून घ्या."

"उद्यापर्यंत कशाला थांबताय?"

वहिनींनी कोपऱ्यातली आकडी घेतली, दारावर गुंडाळलेल्या शटरला अडकवली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढलं. वर्षानुवर्षं न हललेलं शटर करकरत, गंज सांडत खाली यायला लागलं.

"बोटं सांभाळा, भावजी."