हयातीचा दाखला

दमयंतीने फोन समोर धरला आणि कृष्णकांतने पुन्हा डोळे मिटले.

"उजेड टोचत असेल काकांना," कीर्ती म्हणाली. "पडदा ओढू?"

"ओढ." उजेडाचा इथे काडीचा संबंध नाही हे दमयंतीला पक्कं ठाऊक होतं.

पडदा ओढून कीर्ती परत आली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली. हा तिचा नियम. गावच्या वाचनालयात दर गुरुवारी ती म्हाताऱ्या माणसांना फोन शिकवायची, ज्यांच्याकडे नाही त्यांना कुणाचा तरी वापरलेला फोन दुरुस्त करून आणून द्यायची, पण शिकवताना कुणाच्या फोनला बोट म्हणून लावायची नाही. सुरुवातीला बायका चिडायच्या. "येवढं दाबून दे की गो बाय, तुझा काय हात झिजतो?" पोरगी ढिम्म! आणि म्हणूनच सदुसष्ट वर्षांची दमयंती, जिच्या हाती घरातल्या टीव्हीचा रिमोटसुद्धा कधी लागला नव्हता, आज एकटीने ॲप उघडून, आधारचा नंबर टाकून इथवर येऊन पोचली होती. मदत करणाऱ्याला आधी स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. तिचा एका फटक्यात पास झाला, तेव्हा ती खुदकन हसलीसुद्धा.

घोडं अडलं ते नवऱ्यापाशी. पेन्शनवाल्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. त्यासाठी फोनकडे बघून डोळ्यांची एकदा उघडझाप करायची, बस. तेवढ्याने फोनची खात्री पटते.

कृष्णकांतच्या अंगातलं दीड वर्षापासून हलत होतं ते एवढंच, डोळे. दमयंती त्या डोळ्यांशीच बोलायची. सावकाश एकदा उघडझाप म्हणजे हो. मिटले आणि मिटलेलेच ठेवले म्हणजे नाय. चहा देऊ? हो. कुशीवर करू? हो. डाक्टरला बोलवू? नाय. पटलं नाही की डोळे मिटून घ्यायचे, ही खोड तर धडधाकट असतानाचीच. दोघांचं हे बोलणं बाहेर कुणाला माहीत नव्हतं. कीर्तीला तरी कुठून असणार!

"काकी, आज शेवटचा दिवस," कीर्ती म्हणाली. "बँकेतला माणूस घरी येतो म्हणाला त्याला महिना झाला. आज नाही झालं तर पेन्शन अडकणार."

"ठाऊक हाय गो."

ठाऊक नसायला काय झालं? कुंभवलीच्या कंपनीत तीस वर्षं पाळ्या करून मिळालेली ती पेन्शन. औषधं तिच्यातून, रोज सकाळी त्याला उचलून बसवायला येणारा कैलास तिच्यातून. कैलास यायचा बंद झाला तर हे एवढं शरीर ती एकटी कशी उचलणार होती? गुरुवारचा एक तास शेजारची काशीबाई येऊन बसायची, तेवढीच दमयंतीची या खोलीतून सुटका. बाकी सहा दिवस तीही इथेच, त्याच्यासारखी, त्याच पंख्याखाली.

तिने परत फोन उचलला. "अवो, बघा ना हिकडं. एकदाच."

कृष्णकांतच्या पापण्या घट्ट मिटल्या. फोनवर त्याच्या चेहऱ्याभोवतीचं गोल लाल झालं. डोळ्यांची उघडझाप करा, फोनने पुन्हा लिहून दाखवलं. हे चौथ्यांदा.

"माझ्यासाठी तरी करा!" दमयंतीचा आवाज चढला. संताप आला होता तिला, आणि संतापाखाली नुसती भीती होती.

"चिपडं आली असतील डोळ्यांत," कीर्ती म्हणाली. "ओलं फडकं आणते." आणि ती स्वयंपाकघरात गेली. आत नळ सुरू झाला.

खोलीत दोघंच उरली. दमयंतीने फोन तसाच त्याच्या चेहऱ्यासमोर धरून ठेवला होता. गेल्या दीड वर्षात तिने त्याला शेकडो प्रश्न विचारले होते. मीठ बरोबर हाय काय, थंडी वाजते काय, वाडीतल्या केळी विकू काय. एक प्रश्न मात्र तिने कधी विचारला नव्हता. ओठांवर आला की ती उठून भांडी घासायला जायची.

"नको झालंय काय तुमाला?" ती हळूच म्हणाली. "जायचंय काय?"

कृष्णकांतने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. मग सावकाश, एकदा, मिटून उघडले.

फोन टिंग करून वाजला. गोल हिरवं झालं.

"झालं? काकी, झालं!" कीर्ती ओलं फडकं हातात घेऊनच धावत आली. फोनवरची हिरवी खूण बघून तिने दमयंतीला मिठीच मारली. "केलंत की नाही एकटीने? मी बोटसुद्धा लावलं नाही हं! आता ग्रुपवर टाका, वर्गातल्या सगळ्यांना कळू दे."

फडक्याचं पाणी दमयंतीच्या पाठीवरून ओघळत होतं.

"आता वर्षभर बिनघोर," कीर्ती पलंगाकडे वळून म्हणाली. "पुढच्या नोव्हेंबरात परत असंच करायचं. काय काका, करणार ना?"

कृष्णकांतने डोळे मिटले.

कीर्ती पलंगावर वाकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "दमले हो. झोप लागली वाटतं."

"झोपले नाय गो ते," दमयंती म्हणाली.