ग्रीसखालचा जबडा

ट्रकला ट्रेलर जोडून ठेवणारा जबडा झिजला होता, म्हणून महिपती ड्रायव्हरने गाडी सोलापुरात देवदत्त मिस्त्रीकडे आणली. जबडा बदलायला दिवस गेला असता आणि देवदत्तला करमाळ्याला लग्नाला जायचं होतं. त्याने बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं आणि “नवा टाकलाय,” असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोहोळजवळ ट्रेलर सुटून शेतात उलटला. आठवड्याने महिपती उजव्या हाताला प्लास्टर घालून गॅरेजात आला. “मालकानं कामावरून काढलं, मिस्त्री. तुमी तर नवा जबडा टाकला हुता. माझंच जोडताना चुकलं असंल. कुटं चुकलं, तेवढं दाखवा की.” देवदत्तची मान वर होईना. “न्हाय, महिपती. जबडा जुनाच हुता. मी खोटं बोललो.” महिपतीने डाव्या हाताने मालकाला फोन लावला आणि तो देवदत्तच्या कानाशी धरला.