चूक कोणाची

सिग्नल हिरवा झाला आणि गाडी थरथरून बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. या वेळी स्टिअरिंगवर सर्व्हिस सेंटरचा सुपरवायझर होता. मीच हट्टाने त्याला बसवलं होतं.

“काका, गाडी नवी आहे. वयामुळे तुमचाच क्लच चुकतोय,” असं त्यानेच बाबांना हसून सांगितलं होतं, बॉनेटही न उघडता. बाबांनी वाद घातला, पण त्याने ऐकलं नाही. मला गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाबांनी घरी येऊन किल्ली माझ्याकडे दिली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. गेल्या महिन्यात ते गेले.

सुपरवायझरने पुन्हा गाडी सुरू करायच्या आत मी किल्ली काढून घेतली.

“मॅडम, द्या ना! वॉरंटीत सगळं काम करून देतो.”

“ते तर करालच. पण चूक कोणाची?”

त्याने नुसताच किल्लीसाठी हात पुढे केला.

मागचा टेम्पोवाला येऊन काचेवर थापा मारू लागला. “चालवता येत नाही तर बसतोस कशाला रे?”

“अहो, माझी काही चूक नाही! गाडीतच दोष आहे!” सुपरवायझर कळवळून ओरडला.

“बाबाही तुम्हाला हेच सांगत होते,” मी म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.