टिपेचा सूर

"तात्या, हलू नका. जरा फिरवून बसवावा लागतो."

अश्विनीने बापाच्या कानाची पाळी मागे ओढली आणि इअरफोनचा मणी आत बसवला. आप्पासाहेब अंग चोरून बसले होते. मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनने त्यांचे कान ठणकायचे. याला मात्र मऊ रबराची टोपी होती. तो आत गेला आणि जणू विरघळला. कानात काही आहे असं वाटेना.

"केवढ्याला गं हे?" अश्विनीच्या आईने, गोजरबाईंनी विचारलं. अश्विनीने आकडा सांगितला, तशी त्यांनी कपाळाला हात लावला. "आत्ता गं बया! म्हशीच्या मोलाचं कानात घालून बसलाय म्हातारा. दूध दील का ते?"

"दूध न्हाई, सूर दील," आप्पासाहेब म्हणाले. पण त्यांना हसू आलं नाही.

गावच्या सप्ताहाचा उद्या शेवटचा दिवस होता. काल्याच्या कीर्तनाआधी आप्पासाहेबांचं भजन, हा एकतीस वर्षांचा शिरस्ता. त्यातल्या शेवटच्या अभंगात एक जागा होती. तिथं ते डोळे मिटायचे, हात वर न्यायचे आणि सूर टिपेला जायचा. त्या एका जागेसाठी पार काष्टी गावापासूनचे भजनी येऊन बसायचे. अलीकडे मात्र त्या जागेवर नुसती खरखर निघत होती. आधी त्यांनी पेटीवाल्या कानिफनाथला झापलं, तुझी पेटीच उतरलीय म्हणून. मग डॉक्टरला दाखवलं. घसा स्वच्छ होता. माघात भागवत गेल्यावर लोकांनीच कारण शोधून दिलं. जोडीदार गेला, म्हणून आवाज बसला.

भागवत म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. भजनात डावीकडे बसून टाळ धरायचा आणि मागे ध्रुपदाची ओळ म्हणायचा. त्याला बुवा कुणी म्हटलं नाही. त्यानेही तो मान कधी मागितला नाही.

त्याच्या बाबतीत आप्पासाहेबांच्या हातून एक गोष्ट घडली होती. अश्विनी पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करायची. मागच्या वर्षीच्या सप्ताहात तिने भजन टिपून घेतलं आणि बापाच्या मोबाइलवर पाठवलं. आप्पासाहेबांनी ते ओट्यावर बसून ऐकलं. सगळं पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखं वाजत होतं. त्या जागेवरचा सूर त्यांना गढूळ वाटला. पुढच्या एकादशीला चार माणसांत ते बोलून गेले, "भागवता, तू माझ्या सुरात पानी घालतूस. मागं सरक. नुसता टाळ धर."

भागवत हसला. "बरं की आप्पा," म्हणाला आणि मागे खांबाला टेकून बसला. त्या दिवसापासून त्याने तोंड उघडलं नाही. नुसता टाळ वाजवला. माघात झोपेतच गेला.

आता आप्पासाहेबांना एकच गोष्ट हवी होती. त्या जागी आपण श्वास कसा घ्यायचो, ते एकदा नीट ऐकायचं. म्हणजे उद्या तसाच घेता येईल. भागवतच्या माघारी पहिलंच सप्ताहाचं भजन. ते तरी पडू द्यायचं नव्हतं.

अश्विनीने दुसरा कान बसवला. समोरच्या कडबाकुट्टीची घरघर गेली, शेळीचं ओरडणं गेलं. मग भजन सुरू झालं आणि आप्पासाहेब दचकले. पखवाजावर बोटं कुठं पडतात ते कळत होतं. पेटीचा भाता श्वास घेत होता. कुणीतरी मांडी बदलली, सतरंजी सळसळली, तेही ऐकू आलं. उजव्या कानात त्यांचा स्वतःचा आवाज होता. भरलेला, ठसठशीत. त्यांचा चेहरा उजळला. अभंग चढत गेला. जागा जवळ आली. त्यांनी डोळे मिटले. हात आपोआप वर गेला.

उजव्या कानातला आवाज तुटला.

"अगं, बिघडलं तुजं हे!" त्यांनी मणी उपसून काढला. "उजवीकडचा आवाजच गेला."

अश्विनीने तो आपल्या कानाला लावला. "चालू हाय तात्या. पखवाज येतोय की. मी दोन माइक ठेवले होते. उजवीकडं तुमी, डावीकडं भागवतकाका."

"मग माझा आवाज कुठं गेला?"

अश्विनीने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "मागं घेते. परत ऐका."

या वेळी आप्पासाहेबांनी हात वर नेला नाही. डोळेही मिटले नाहीत. उजव्या कानात त्यांचा आवाज चढला, ताणला गेला आणि थांबला. पुढे नुसता श्वास. आटलेल्या विहिरीत बादली घासावी तसा कोरडा. त्याच क्षणी डाव्या कानात दुसरा आवाज उठला. मोठा नाही. त्यांच्याच ढंगाचा, त्यांच्याच वळणाचा, कुणाला सांधा दिसू नये असा. तो टिपेला गेला आणि तिथं राहिला. राहिला. हातातला टाळ मात्र एकदाही चुकला नाही. मग तो सूर खाली आला आणि कडेवरचं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर द्यावं तशी त्याने ओळ उजवीकडे दिली. आप्पासाहेबांच्या आवाजाने ती घेतली. ऐटीत घेतली.

लांबून लोकांची वाहवा आली. टाळ्या झाल्या. आणि डाव्या कानात, अगदी जवळ, धाप लागलेला भागवत सगळ्यांच्या आधी म्हणाला,

"वा आप्पा! काय चढवलास रं सूर!"