रोज धूप घ्या

डॉक्टरांनी वैदेहीला बजावलं होतं, "माताजी को रोज धूप चाहिए. और परहेज के नाम पर भूखा मत रखिएगा. गुर्दे से पहले कमजोरी ले जाती है." तेव्हा तिची कडेवरची लेक रुची रडून रडून लाल झाली होती. माताजी वैदेहीच्या कोणी नव्हत्या. खालच्या खोलीतल्या प्रभावतीकाकू; त्यांना हिंदी येत नाही म्हणून वैदेही सोबत आलेली. "जी, जी," म्हणत ती उठली. रिक्षात बसताना तिने काकूंना एका वाक्यात उरकून सांगितलं, "परहेज पाळा, आणि रोज धूप घ्या."

त्याला दोन महिने झाले. शहाण्णवचा जानेवारी लागला. थंडीने सगळ्यांची दारं बंद. रोज खालून धुपाचा वास यायचा आणि वैदेहीला बरं वाटायचं. काकूंची पूजा चाललीय, म्हणजे काकू ठीक आहेत.

आज दुपारी ती रुचीला घेऊन मुद्दाम खाली उतरली. सोमवारी सामान निघणार होतं, नवऱ्याची, आदित्यची, रेल्वेतली बदली गोरखपूरला झाली होती; काकूंना सांगायला हवं होतं. दाराशी आली तर आत खोकला. थांबतच नव्हता. तिने दार ढकललं.

काशीतल्या दुर्गाघाटच्या त्या गल्लीत तळमजल्याला भर दुपारीही दिवा लागतो. धुराने बल्ब पिवळा पडला होता. काकू खाटेवर बसलेल्या, समोर धुपाटणं. मूत्रपिंडाच्या दुखण्याने पावलं सुजून गुळगुळीत झालेली. मनगटं मात्र वैदेहीच्या दोन बोटांत मावतील एवढी.

"काकू, हे काय?"

"औषध. दोन वेळा घेते हो. घुसमटतं, पण नेम नाही मोडला. बाळंतिणीला धुरी देतात, तसलंच काही असेल म्हटलं."

 इथेच वाढलेल्या वैदेहीच्या घरात तीन पिढ्या उन्हाला धूप म्हणत आल्या होत्या. काकूंना काशीवासासाठी वाईहून येऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

"परहेज म्हणजे काय ते दूधवाल्याला विचारलं," काकू सांगत होत्या. "पथ्य म्हणाला. मग डाळ बंद केली, दूध बंद केलं, त्यालाही येऊ नको म्हटलं. नुसती पेज पिते. धूप काय, माहीतच होता."

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासून."

रुचीने धुराने नाक मुरडलं. वैदेहीने तिला पदरात घेतलं.

"काकू, ऊन. डॉक्टर ऊन म्हणाले होते."

काकूंनी धुपाटणं बाजूला सारलं.

"मग ऊन म्हणायचं ना ग."

गच्चीपर्यंत सत्तावीस पायऱ्या. रुची एका कडेवर, काकूंचा हात दुसऱ्या खांद्यावर. प्रत्येक वळणाला काकू बसल्या. वर रुचीचं तेलकट दुपटं पसरलेलंच होतं. तिला वैदेही रोज, एक दिवस न चुकता, उन्हात घालायची. काकूंनी त्यावर पाय लांब केले आणि डोळे मिटले.

"काशीत मरायला आलेली मी, आणि तू मला पापडासारखी वाळत घालतेस."

वैदेहीला हसू येईना.

"अग, रडतेस काय? मुगाचं वरण टाक थोडं. डॉक्टर नको म्हणाले नाहीत ना?"

"नाही."

"मग टाक. उद्याही टाक."

वैदेहीने मान हलवली. सोमवारचं तिने सांगितलं नाही.

तुम्ही कधी दुर्गाघाटला गेलात तर घाटाच्या पायऱ्या लागायच्या आधी डाव्या हाताला एक हिरवं दार आहे. कडी वाजवा. धुपाचा वास आला तर जास्तच जोरात वाजवा. आत गेलात की पातेल्यावरचं झाकण काढून काय शिजलंय ते बघा. मग काकूंना हात धरून गच्चीवर न्या. घाई नको, प्रत्येक वळणाला त्यांना बसावं लागतं. आणि त्यांच्याशी आपल्या मराठीत बोला. ऊन म्हणा.