पहिल्या रांगेतला श्रोता

रविवारच्या उपासनेत प्रवचन करायला कुमुदताई प्रार्थनामंदिरात आल्या, तर कुलूप फोडलेलं आणि व्यासपीठावर गणपतीची मूर्ती! इथे शंभर वर्षांत मूर्ती आली नव्हती; निराकाराची प्रार्थना, मग प्रवचन, एवढाच रिवाज.

दारात नगरसेवक कार्यकर्ते घेऊन उभा होता. “सात म्हाताऱ्यांचं कसलं मंदिर, ताई? आजपासून इथे आरती होणार. मूर्तीला हात लावून तर बघा!”

उपासनेला आलेले बाकीचे सहा जण मान खाली घालून बसले. कुमुदताईंनी पदर खोचला, मूर्ती दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवली. हारही सारखा केला.

“बाहेर नाही काढत हो,” त्या म्हणाल्या. “येईल त्याला इथे जागा आहे. पण सगळे प्रवचन ऐकायला येतात. देव बसलेत, आणि तुम्ही उभे?”

कार्यकर्ते एकमेकांकडे बघत चपला काढून मागे बसले. नगरसेवकही बसला.

कुमुदताईंनी चष्मा लावला आणि ऐनवेळी विषय बदलला: ‘दांडगाई’. एरवी वीस मिनिटांत आटपणारं प्रवचन त्या दिवशी सव्वा तास चाललं. देवाआधी उठायची कुणाची छाती झाली नाही.