चार सेकंदांची तोफ

निळी पट्टी अर्ध्याहून जास्त भरली होती आणि त्याचं बोट माउसच्या बटणावर दाबलेलं होतं. दाबलेलं कसलं, पडलेलं. दाबायला त्याला आता ताकद लावावी लागत नसे. बोट सोडून दिलं की ते आपल्या वजनाने खाली येई. खरी ताकद ते उचलायला लागायची.

आणि संगणकावरच्या त्या खेळातली तोफ बोट उचलल्यावरच सुटायची. बटण दाबून धरायचं, चार सेकंदांत पट्टी भरते, बोट उचललं की समोरच्या यानाच्या चिंधड्या. आधी उचललं तर फुसका बार. पट्टी भरूनही धरून ठेवलं तर ती लाल होते आणि पुढच्या दोन सेकंदांत तोफ तापून फुटते, आपल्याच यानासकट. अति तिथे माती म्हणतात, ती ही अशी. तरुण खेळाडू या तोफेच्या वाटेला जात नसत. त्यांना धडाधड सुटणारं काहीतरी हवं असतं. याने ती मुद्दाम निवडली होती. तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस तो, घाई त्याच्या स्वभावातच नव्हती.

एका यानात पाच जण. बाकीच्या चौघांना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. कप्तान दातांची डॉक्टर होती. यान तीच वळवायची, नेम तीच धरायची, याच्याकडे फक्त तोफ. वेळ अचूक साधतो म्हणून ते त्याला ‘घड्याळ’ म्हणत. त्याच्या नसांना रोग लागलाय, पाय कधीच गेले आणि आता हातही चाललेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरी भेटायला येणारे त्याच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलत, जणू तो बहिरा झालाय. हेडफोनमधले चौघे मात्र त्याच्यावर खेकसत, त्याची टर उडवत. ते त्याला फार बरं वाटे. आठवड्यातला तेवढाच एक तास तो कुणाचा पेशंट नसायचा.

गेल्या दोन रविवारी तोफ फुटली होती. दोन्ही वेळा पाचही जण बाद झाले. कप्तानाने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आज पुन्हा फुटली तर तोफ दुसऱ्याला देणार. तिचंही चुकत नव्हतं. यान सगळ्यांचं होतं.

दुपारी बायकोने नेहमीसारखा त्याचा हात माउसवर ठेवला, मनगटाखाली टॉवेलची घडी सरकवली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. तेव्हा तो म्हणाला, “आज काहीही झालं तरी हात लावायचा नाहीस. फुटली तर फुटू दे.”

ती हो म्हणाली. हो म्हणायला काय जातं.

आता सामन्याचं शेवटचं मिनिट चालू होतं. दोन्हीकडे एकेक यान उरलं होतं. कप्तानाने यानाचं तोंड बरोबर शत्रूवर आणून धरलं होतं. पट्टी भरली. कानात कप्तान म्हणाली, “सोडा.” पट्टी लाल झाली. बायकोला ते लाल दिसलं आणि त्यामागे पुढचे सगळे रविवार दिसले, भिंतीकडे तोंड करून पडलेला नवरा दिसला. तिचा हात आपसूक गेला. तिने त्याचं बोट चिमटीत धरून वर उचललं.

गोळा सुटला. समोरचं यान फुटलं. हेडफोनमधून एवढा गलका झाला की तो तिलाही ऐकू आला. कप्तान हसत सांगत होती की घड्याळाने आज जीव टांगणीला लावला खरा, पण तोफ आता कायमची घड्याळाचीच. बायकोने माइक बंद केला, हेडफोन काढून घेतला आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. जिंकल्याचं काहीतरी बोलावं म्हणून ती शब्द शोधत होती.

“मी उचलत होतो,” तो म्हणाला.

“अहो, लाल झाली होती.”

“मला दिसत होतं. मी उचलत होतो.”

तिने आठवायचा प्रयत्न केला. बोट हललं होतं का? तिला काहीच सांगता येईना. त्या दोन सेकंदांत ती पट्टीकडे बघत होती, बोटाकडे नाही. रात्रभर तिने स्वतःला तेच विचारलं आणि रात्रभर तिला लाल रंगच दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने संगणक सुरू करायला सांगितला. सरावाचं मैदान, रिकामं आकाश, ना शत्रू ना मित्र. तिने त्याचा हात माउसवर ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. आज तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या बोटावरून नजर हलवली नाही. बोट पडलं. तोफेची घरघर वाढत गेली. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, ओठ पांढरे पडले. बोट तसूभरही हललं नाही. मग तोफ फुटल्याचा आवाज आला.

तिला हायसं वाटलं. कालचं आपलं बरोबर होतं, हात लावला नसता तर असंच झालं असतं. असं वाटल्याची तिला लगेच शरमही वाटली. त्याचा हात उचलून मांडीवर ठेवावा म्हणून ती पुढे वाकली. तो पडद्याकडेच बघत होता.

“काल उचललं असतं,” तो म्हणाला.